ओसरीवरील रणांगण

बुद्धिबळाचा पट मराठी घरांतून दिसेनासा झाला, तरी त्या पटावरची भाषा मात्र घराबाहेर गेलेली नाहीं. सूनबाईंनीं सासूबाईंना गोड बोलून निरुत्तर केलें कीं ‘काटशह दिला’ असें आपण म्हणतों. कचेरींत वरिष्ठांचा पाठिंबा असलेल्या माणसाला ‘जोर’ आहे असें म्हणतों. दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुढें सरकणारा मनुष्य म्हणजे ‘प्यादें’. आणि निवडणुकीची बातमी तर शह व मात या दोन शब्दांवांचून पुरीच होत नाहीं. हे शब्द ज्या लढाईंतून आले ती लढाई आपल्या वाडवडिलांनीं जाजमावर मांडी घालून, सुपारी कातरीत केलेली आहे. ती प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें आतां सत्तरीच्या पलीकडे गेलीं. या महिन्यांत त्या घरगुती लढायांविषयीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

घरीं बसून युद्ध करण्याची हौस केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेंत चार्ल्स रॉबर्ट्स नांवाच्या गृहस्थानें १९५४ सालीं ‘टॅक्टिक्स’ या नांवाचा, पुठ्ठ्याच्या फौजांचा खेळ विकावयास काढला. आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत तिकडील कैक मंडळी जेवणाच्या मेजावर नकाशा पसरून सुट्टीचा दिवस लढाईंत घालवूं लागली. त्या पिढीचे लोक आज वृद्ध झाले असून त्या पुठ्ठ्याच्या चौकोनांची आठवण निघाली कीं हळहळतात. या खेळांचें कुळ शोधीत मागें गेल्यास १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें सिद्ध केलेला युद्धखेळ लागतो. त्याच्याही मागें, १७८० सालीं, ब्राउनश्वाइग येथील हेल्विग या शिक्षकाचा सोळाशें सतरा घरांचा भला थोरला पट लागतो. आणि हेल्विगनें आपला पट बेतला होता तो बुद्धिबळावरून. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकांत, या न्यायानें आपण अखेर आपल्याच चतुरंगापाशीं येऊन उभे राहतों.

या चतुरंगाला आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं पोरखेळ मानलें नव्हतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला, त्यांत राजानें करावयाच्या विनोदांमध्यें चतुरंगाला स्वतंत्र जागा दिली आहे. पुढें सतराव्या शतकांत, पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं ‘भगवंतभास्कर’ नांवाचा बारा मयूखांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यांतील ‘व्यवहारमयूख’ वकिलीच्या घरांतून आजही परिचयाचा असेल. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें दत्तक, वारसा, वांटणी अशा प्रकरणीं त्याचा आधार घेत. परंतु त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखां’त बुद्धिबळाचें वर्णन आहे, आणि एकच घोडा एकही घर दुसऱ्यांदा न शिवतां चौसष्ट घरें कशीं फिरतो हेंही त्यांत दिलें आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. भावाभावांनीं वांटणी कशी करावी हें ज्यानें सांगितलें, त्यानेंच तीं एकत्र बसून काय खेळतात हेंही टिपून ठेविलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. त्याचें कारण पुढें येईलच.

आमचें मूळ घर माळेगांव बुद्रुकास. मोरोपंतांच्या बारामतीहून हें गांव अडीच-तीन कोसांवर, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणारें. पुढें तेथें सहकारी साखर कारखाना झाला, भोंगा वाजूं लागला, आणि गांवाचें घड्याळच बदललें. आम्ही सांगतों ती त्या भोंग्याला गांव नुकतेंच सरावत होतें त्या सुमाराची गोष्ट. मे महिन्याच्या दुपारीं आणि पावसाळ्यांत दिवे लागल्यावर आमच्या ओसरीवर पट पडे. पट कापडी, तांबड्या-हिरव्या तुकड्यांचा शिवलेला. मोहरे लांकडी, कातीव, लाखेनें रंगविलेले. एक हत्ती कधीं काळीं चुलींत गेल्यामुळें त्याच्या जागीं सुपारीचें खांड उभें असे, आणि नवख्या पाहुण्याला त्या खांडापासून सावध करावें लागे.

त्या पटावर जो खेळ चाले तो हल्लीं मुलें शाळेंत शिकतात तो नव्हे. आमच्याकडे राजासमोर राजा बसत नसे, प्रतिपक्षाचा वजीर बसे. प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरके. राजा आणि हत्ती यांनीं एकाच चालींत जागा बदलण्याची सोय नव्हती. तिच्याऐवजीं, ज्या राजाला अजून शह बसलेला नाहीं त्याला साऱ्या डावांत एकदां घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारतां येई. सुरुवातीला घाई नसल्यामुळें दोन्ही बाजू आपापली फळी सावकाश बांधीत. पहिला पानाचा विडा संपेपर्यंत एकही मोहरा मरत नसे. नवख्याला हें कंटाळवाणें वाटे. परंतु जाणत्यास डाव कोठें फुटणार हें त्या मांडणींतच दिसूं लागे.

खरी गंमत प्याद्याच्या बढतींत होती. आजच्या नियमाप्रमाणें शेवटच्या घरास पोंचलेलें कोणतेंही प्यादें वजीर होऊं शकतें, आणि बहुधा तेंच मागतात. आमच्या ओसरीवर तसें नव्हतें. प्यादें ज्या पट्टींत शेवटास लागे त्या पट्टीच्या मूळ मालकाची पदवी त्यास मिळे. हत्तीच्या घरीं पोंचलें तर हत्ती, उंटाच्या घरीं उंट. घोड्याच्या घरीं पोंचलें तर घोडा, आणि त्या नव्या घोड्याला लागलीच एक चाल फुकट. शिवाय तो मूळ मोहरा पटावर जिवंत असला, तर प्याद्यानें आदल्या घरीं ताटकळत उभें राहावें. यामुळें एकेका प्याद्याचें मोल निरनिराळें असे. कोणतें प्यादें कोणत्या बाजूनें मारीत न्यावें, स्वतःचा एखादा उंट मुद्दाम मरूं द्यावा कीं काय, असे हिशेब शेवटच्या दहा चालींत होत आणि बघ्यांत तट पडत. हें म्हणजे मुलानें बापाच्याच गादीवर बसावें असा प्रकार झाला. नवा नियम अधिक न्यायाचा आहे हें आम्हांस मान्य. पण रंग जुन्यांत अधिक होता.

जिंकण्यांतही पायऱ्या होत्या. प्रतिपक्षाचे सारे मोहरे संपून राजा एकटा उरला कीं ‘बुर्जी’ झाली, आणि ती अर्धीच जीत. हातीं भरपूर फौज असून केवळ लोभानें शेवटचें प्यादेंही मारून बसणाऱ्याच्या पदरीं ही अर्धी जीत पडे, आणि मंडळी त्याला हंसत. वजिरानें मात केली तर ठीक. परंतु प्याद्यानें मात, म्हणजे ‘प्यादेमात’, झाली कीं चहाचें आधण पुन्हां चढे. आमचे आजोबा, ज्यांना सारें घर अण्णा म्हणे, ते प्यादेमातीसाठीं हातचा जिंकलेला डाव लांबवीत आणि कित्येकदां घालवीत. तात्या, म्हणजे थोरले काका, यांना हा नखरा मान्य नसे. कालव्याचा पाटकरी, शाळेचे मास्तर आणि एकदोन शेजारी यांची सल्लामसलत भोंवतीं अखंड चालू. बघ्यानें बोलूं नये हा नियम आमच्या ओसरीवर कोणास ठाऊकच नव्हता.

घराच्या वांटणीचें बोलणें निघालें त्या वर्षीं तात्या आणि आमचे वडील यांच्यांत अबोला होता. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालेली गोष्ट पार जेवणाच्या पंगतीपर्यंत आली. दोघे निरनिराळ्या वेळीं जेवूं लागले. पट मात्र रोज पडे, आणि त्यावर हेच दोघे समोरासमोर बसत. सबंध संध्याकाळभर दोघा सख्ख्या भावांच्या तोंडून एकमेकांना उद्देशून निघालेला शब्द म्हणजे ‘शह’ हा एकच. आम्हां मुलांना त्याचें हसूं येई. बायकांना येत नसे. तीन महिन्यांनीं एका रात्रीं तात्या म्हणाले, “तो घोडा उचलून घे, मरतो आहे,” आणि वडिलांनीं तो उचलून घेतला. वांटणी व्हावयाची ती झालीच. परंतु ती भांडीं मोजून झाली, कज्जा करून झाली नाहीं. आणि नीलकंठभट्टांच्या दोन मयूखांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असावा असें आम्हांस वाटतें तें यामुळें.

मुलांना पटाजवळ फिरकण्याची मुभा नव्हती. आमची लढाई अंगणांत, आणि तीही दिवाळीच्या सुट्टींत. दगड, गोणपाट आणि काळी माती यांचा किल्ला रचावयाचा, उतारावर अळीव पेरावयाचे, माथ्यावर महाराजांची स्वारी बसवावयाची आणि बारामतीच्या बाजारांतून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करावयाचे, इथपर्यंत महाराष्ट्रांतील सर्व घरीं सारखेंच. हल्लीं शहरांतून तयार किल्लाही विकत मिळतो. त्याविषयीं न बोललेलें बरें. परंतु आमच्या अंगणांत किल्ला झाल्यावर खरोखरीचा वेढा पडे. चुलत-सख्खे मिळून अकरा भावंडें; त्यांचे दोन पक्ष. एका पक्षानें गड राखावयाचा, दुसऱ्यानें तुळशीवृंदावनापासून गोट्यांचा मारा करावयाचा. एका वेळीं तीन गोट्या, मग दुसऱ्या पक्षानें आपले मावळे एक वीत हालवावे, पुन्हां तीन गोट्या. पुढें मोठेपणीं आम्हांस कळलें कीं एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें १९१३ सालीं अगदीं याच रीतीच्या खेळाचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत छापले होते. त्याच्याकडे शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगची तोफ. आमच्याकडे माती आणि गोट्या. दुसऱ्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें, आणि घरांतल्या जमिनीवरचीच लढाई बरी, असें जें वेल्सनें त्या पुस्तकांत बजाविलें होतें तें कोणी ऐकलें नाहीं.

अशा लढाईंत तंटा ठरलेला. मावळा पडला कीं नुसता कलला? राइसविट्झच्या खेळांत निवाड्यासाठीं पंच आणि फांसे असत. आमचा पंच म्हणजे आत्या. ती माजघराच्या उंबऱ्यावर निवडण-टिपण करीत बसे आणि तेथूनच निकाल देई: पडला तो मेला, टेकून राहिला तो जखमी, जखमीनें पुढल्या माऱ्याला जागचें हालूं नये. तिचा निकाल कोणी मोडीत नसे. एकदां गड पडणार अशी वेळ आली असतां तिनें हळूच विचारलें, “मागल्या चोरवाटेवर कोण आहे रे?” तेथें कोणीच नव्हतें, दोन्ही पक्षांना ती वाटच आठवली नव्हती.

आत्या लहानपणीं विधवा होऊन माहेरीं आलेली. अण्णांची धाकटी बहीण. म्हणजे नात्यानें आमची आजी, पण वडील-काकांच्या तोंडी आत्या म्हणून ती आम्हां साऱ्यांचीही आत्याच. तिला अक्षरओळख अण्णांनीं करून दिली होती, बुद्धिबळ कोणीं शिकविलें नव्हतें. ओसरी आणि माजघर यांच्यामध्यें एक दार, दाराअलीकडे जातें. ओसरीवरचे लोक मोठ्यानें बोलत, चाली सांगत, मागें घेत, पुन्हां भांडत. वर्षानुवर्षें तें सारें ऐकून पट तिच्या डोक्यांत मांडला गेला होता. पुढें पुढें असें होऊं लागलें कीं तात्यांचा डाव अडला म्हणजे आमचे एक चुलत बंधू, तेव्हां वय वर्षें दहा, पाणी पिण्याच्या निमित्तानें आंत जात, परत येत आणि निर्धास्तपणें म्हणत, “उंट दोन घरें.” होतां होतां त्यांना सबंध डावच खेळावयास बसविण्यांत आलें. दर चार चालींनीं त्यांना तहान लागे.

अण्णांना हें ठाऊक होतें. सर्वांनाच असावें. तरीही पंचक्रोशींत बोलबाला झाला तो त्या दहा वर्षांच्या मुलाचा. बारामतीहून एक वकील मुद्दाम खेळावयास आले, दोन डाव हरले, आणि जातांना मुलाच्या हातावर चांदीचा रुपया ठेवून गेले. रुपया मुलानें आत नेऊन आत्याच्या पुढ्यांत ठेविला. तिनें तो देवापुढें ठेवला आणि ताक करावयास बसली. तिच्या खेळाची एक खूण जुन्या मंडळींना अजून आठवते. तिचा राजा कधीं उडी मारीत नसे. उडीचा हक्क ती शेवटपर्यंत हातीं राखून ठेवी, आणि समोरचा गडी सबंध डावभर त्या न मारलेल्या उडीच्या धास्तीनें खेळे.

जुन्या ओसरीची आठवण काढतांना आम्हांला हा उंबरठा विसरतां येत नाहीं. जुनें तें सारें सोनें, असें म्हणणारांच्या पंक्तीस म्हणूनच आम्ही बसत नाहीं.

देशी चाल मागें पडली तीही कांहीं एका दिवसांत नव्हे. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढलेले; त्यांनीं विलायती नियम मागाहून शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ अशीं तीन वर्षें ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें. १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला, १९५५ सालीं एलुरु येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तींत आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. व्यंकय्या यांनीं अजिंक्यपद वांटून घेतलें. स्पर्धा म्हटली कीं नियम एक हवेत. गांवोगांवचा राजा निराळी उडी मारूं लागला तर पंचानें करावें काय? तेव्हां देशी चाल जावयाचीच होती, आणि गेली याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. एक नियम झाल्यामुळेंच माळेगांवच्या मुलाला जगांतील कोणत्याही मुलाशीं पटावर बसतां येऊं लागलें. आणि मुलीलाही.

१९७४ सालीं स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. पुढें सुमारें दशकभर तें अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्या घराबाहेर फारसें गेलेंच नाहीं. १९७६ सालीं रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या, तेव्हां मोठें वादळ झालें. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीं स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं असा निर्णय दिला. आत्या तेव्हां फार थकली होती. पुतण्यानें, त्याच पाणी पिणाऱ्या पुतण्यानें, तिला वर्तमानपत्रांतील बातमी वाचून दाखविली. तिनें सबंध ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “समोर बसून खेळते ना रे?” तो हो म्हणाला. तें कात्रण तिनें मागून घेऊन पटाच्या घडींत ठेवलें. पट तिच्याजवळ होता. वांटणीच्या यादींत भांडीं, पाट, समया सारें आलें, पण पट कोणाच्याच नांवें लिहिण्यास कोणी धजलें नव्हतें.

गेल्या साली, २०२५च्या जुलैमध्यें, नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जियांतील बातुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशीं आमच्या घरांतील मुलांनीं अंतिम डाव दूरध्वनीच्या पडद्यावर चालीगणिक पाहिला. पणतीच्या वयाच्या एका मुलीनें मध्येंच विचारलें कीं आपल्या घरचा खेळ याहून निराळा होता म्हणतात तो कसा? पट काढला. कात्रण पिवळें पडून घडीवर तुटलें आहे. सुपारीचें खांड मात्र जसेंच्या तसें आहे. तिला नियम सांगूं लागलों, आणि माळेगांवचे आम्ही व पुण्याचे तात्यांकडील, यांच्यांत तेथल्या तेथें वाद उभा राहिला. राजाला शह बसला. तो मध्यें मोहरा घालून वारला. राजा जागचा हालला नाहीं. आतां त्याची उडी गेली कीं शिल्लक राहिली? पुण्याकडील म्हणतात, शह बसतांच गेली. आम्ही म्हणतों, हालला नाहीं तोंवर आहे. दुसरा वाद त्या ताटकळणाऱ्या प्याद्याचा: आदल्या घरीं उभें असतांना त्याचा जोर धरावा कीं धरूं नये?

ज्या वाचकांच्या घरीं देशी चाल खेळली जात होती त्यांनीं आपल्याकडील या दोन मुद्यांचा परिपाठ, गांवाच्या नांवासह व तो कोणाच्या तोंडून ऐकला हें नमूद करून, अवश्य कळवावा. घरांत ऐंशीच्या पुढील कोणी असल्यास या सुट्टींतच विचारून घ्यावें. आणि आजोबांना विचाराल तसेंच माजघराच्या बाजूलाही विचारावें.